पावसाळ्यात ड्रॉवर अडकला तर रंधा मारू नका, आधी आम्हाला फोन करा
(हिकरी या परदेशी लाकडाचं फर्निचर घेतलेल्या आणि घेणार असलेल्या ग्राहकांसाठी)

नमस्कार. दरवर्षी श्रावण लागला, घराघरात कानबाईची साफसफाई सुरू झाली की आमच्या जळगावच्या वर्कशॉपला एकच फोन येतो, भाऊ कपाटाचं दार लागत नाहीये, ड्रॉवर अर्ध्यावर अडकलाय, ओलं लाकूड लावलं का तुम्ही? म्हणून हा कागद आता प्रत्येक ऑर्डरसोबत देतोय, आधी घेतलेल्यांनी पण वाचा.

मेन गोष्ट आधीच सांगतो. अडकलेल्या ड्रॉवरला पावसाळ्यात रंधा मारून घेऊ नका. भुसावळच्या एका ताईंनी गल्लीतल्या मिस्त्रीला बोलावून चार ड्रॉवर घासून घेतले होते, तेव्हा मस्त चालायला लागले, पण होळी झाली आणि ड्रॉवर डुगडुगायला लागले, फटीत बोट जाईल एवढी जागा. चारही ड्रॉवरच्या बाजू नवीन कराव्या लागल्या, आमचे तीन दिवस गेले आणि ताईंचे पैसे गेले. मिस्त्रीची चूक नाही, त्याला अडकलेलं दिसलं त्याने घासलं. पण लाकूड परत आकसणार होतं, ते त्याला कोणी सांगितलंच नाही.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, कितीही पॉलिश मारा. लांबीत जवळपास काही फरक पडत नाही, रुंदीत पडतो. आणि हिकरी हे करण्यात सागापेक्षा बरंच पुढे आहे. ओल्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत साग आडवा साधारण साडेपाच टक्के आकसतो, हिकरी दहा टक्क्यांच्या आसपास. घरात एवढा फरक कधीच पडत नाही, पण आतला ओलावा पाच टक्क्यांनी वाढला तर एक फूट रुंद हिकरीची फळी पाच-सहा मिलीमीटर फुगू शकते, सागाची तीनच्या आत. आता आपल्याकडची हवा बघा, मे महिन्यात 45 डिग्री आणि हवा एकदम कोरडीठाक, आणि दोन महिन्यांनी भिंतीला ओल. ड्रॉवरने काय करावं?

मग करायचं काय, तर ड्रॉवर रिकामा करा, बाहेर काढा, पंख्याखाली दोन दिवस ठेवा, उन्हात नाही, उन्हात एक बाजू आधी सुकते आणि फळी वाकते. मग जिथे घासतंय तिथे साधी मेणबत्ती चोळा. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं. नाहीच झालं तर जिथे घासतंय तिथे पेन्सिलने खूण करून फोटो व्हॉट्सॲपला टाका, दाराचं असेल तर बिजागरीचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून जमतं का ते आम्ही फोनवरच सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही स्वतःहून दोनदा येतो, एकदा पावसाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात, त्याचा चार्ज घेत नाही.

दुसरा त्रास कूलरचा. कूलर आपल्याला लागतोच, त्याशिवाय झोप नाही, पण डायनिंग टेबल किंवा पलंगाची पाठ त्याच्या तोंडासमोर ठेवू नका. चार महिने एका बाजूला ओली हवा आणि दुसऱ्या बाजूला कोरडी, अशाने चांगल्यातली चांगली फळी बाक घेते. थोडं तिरकं सरकवलं तरी पुष्कळ फरक पडतो.

काही ग्राहक टेबल उलटं करून बघतात आणि विचारतात की खालच्या पट्ट्यांना स्क्रूची भोकं लांबट का, स्क्रू हलतोय, काम ढिलं आहे. ढिलं नाही, मुद्दाम ठेवलंय. वरची फळी फुगणार-आकसणार, तिला सरकायला जागा पाहिजे, फेविकॉल आणि खिळ्यांनी पक्की जखडली तर ती मधोमध तडकते. तसंच उन्हाळ्यात ड्रॉवरच्या वर दोन-तीन मिलीमीटर फट दिसते ती पावसाळ्यासाठी सोडलेली असते. डिलिव्हरीला वेळ लागतो त्याचं पण हेच कारण. भट्टीत सुकवलेलंच लाकूड घेतो, तरी ते इथे आणून काही आठवडे वर्कशॉपमध्ये मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवतो, मीटरवर 8 ते 12 टक्के ओलावा दिसला की मगच करवत लावतो. आखाजीला पाहिजे म्हणून चैत्रात ऑर्डर दिली तर आम्ही सरळ नाही म्हणतो, लग्नाचं असेल तर दिवाळीनंतर लगेच बोला.

हिकरी घ्यायची का साग, हे पण रोज विचारतात. हिकरी आपल्याकडचं झाड नाही, उत्तर अमेरिकेतलं आहे, अक्रोडाच्या कुळातलं, पिकॅन नट ज्याला येतो ते झाड याच जातीतलं. तिकडे कुऱ्हाडी-हातोड्यांचे दांडे याचेच करतात, जसे आपल्याकडे धावड्याचे, धामणाचे. कडकपणा मोजायची जांका टेस्ट असते, स्टीलची गोळी लाकडात अर्धी दाबायला किती जोर लागतो ते बघतात, हिकरीला साधारण 1820 पाउंड लागतो, सागाला 1070 च्या आसपास. म्हणून खुर्च्या, डायनिंग टेबल, पोरांचं अभ्यासाचं टेबल यासाठी मी बिनधास्त हिकरी सांगतो, पोरांनी कंपास आपटली तरी सहज खड्डा पडत नाही. पण वजनाला भारी आहे, दर दिवाळीला पलंग सरकवायची सवय असेल तर विचार करा. आणि ओट्यावर, गच्चीवर, बाथरूमच्या दाराला हिकरी मागू नका. सागात स्वतःचं तेल असतं, तो ओल आणि वाळवी सोसतो, हिकरी सोसत नाही, भुंगा पण लवकर लागतो. तिथे आपला सागच, आणि आम्ही तो पण करून देतो.

एकाच टेबलात पांढरट आणि तपकिरी पट्टे दिसले म्हणून दोन लाकडं जोडली असं समजू नका, हिकरी अशीच असते, बाहेरचा भाग पांढरट आणि गाभा तपकिरी. एकसारखा रंग पाहिजे असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, फळ्या निवडून लावतो, थोडे पैसे जास्त लागतात. बाजारात हिकरी कलरचा लॅमिनेट पण मिळतो, तो वाईट नाही पण ते लाकूड नाही. कडेला बघा, वरच्या रेषा कडेवरून पुढे जातात का, का तिथे पट्टी चिकटवलीय.

पुसायला सुती फडकं घट्ट पिळून घ्या आणि मागोमाग कोरडं फिरवा. रॉकेल नको, खोबरेल तेल नको, त्यावर धूळ बसून चिकट थर होतो. भरताचं गरम पातेलं थेट टेबलावर ठेवलं की पॉलिशवर पांढरा डाग येतो, खाली जाड काहीतरी ठेवा. डाग पडलाच तर घासत बसू नका, आम्हाला दाखवा. फरशी पुसताना पायांशी पाणी साचू देऊ नका, पायाखाली रबरी बूट आम्ही लावूनच देतो, तुटले तर नवीन फुकट घेऊन जा. पायाशी पिठासारखा बारीक भुसा दिसला तर त्याच दिवशी कळवा, भुंगा एका पायात असतानाच थांबवता येतो.