जीसीएसईची कविता आणि तीनशे ओळींचं पाठांतर

इंग्लंडमध्ये पंधरा-सोळा वर्षांची पोरं जीसीएसईच्या, म्हणजे तिथल्या दहावीसारख्या परीक्षेच्या, आधी एक विचित्र काम करत बसतात, पंधरा कविता घ्यायच्या आणि प्रत्येकीतले तीन-चार शब्द फ्लॅशकार्डवर उतरवून घोकायचे. शेलीची 'ऑझिमँडियस' घ्या, वाळवंटात मोडून पडलेल्या एका राजाच्या पुतळ्यावरचं चौदा ओळींचं सुनीत. त्यातलं 'किंग ऑफ किंग्ज' जवळपास प्रत्येकाच्या कार्डावर सापडेल, कारण तीनच शब्द आहेत आणि कुठेही खपतात, सत्तेवर प्रश्न आला तरी, गर्वावर आला तरी, उपरोधावर आला तरी. खरी गंमत त्या मूर्तिकारात आहे, त्याने राजाच्या ओठांवरचा तुच्छपणा बरोबर हेरून दगडात कोरून ठेवला आणि राजाला बहुतेक पत्ताच नाही. पण ती गंमत दोन-तीन ओळींत पसरलीये, कार्डावर मावत नाही, मग राहते.

या घोकंपट्टीचा दोष लोक सरळ माजी शिक्षणमंत्री मायकेल गोव्हच्या २०१५ च्या सुधारणांना देऊन मोकळे होतात. थोडं खरंय ते, पण गोष्ट बरीच जुनी आहे.

१८६२ साली इंग्लंडमध्ये रिव्हाइज्ड कोड नावाची सरकारी नियमावली आली. शाळेचं अनुदान ठरणार कशावर, तर इन्स्पेक्टर येऊन पोरांचं वाचन, लेखन, गणित तपासणार त्यावर, थोडक्यात जेवढी पोरं पास तेवढे पैसे. पुढे १८७० च्या दशकात इंग्रजी साहित्य हा जादा विषय म्हणून त्यात घुसला आणि त्याचा अभ्यासक्रम काय होता बघा: पहिल्या वर्षी कवितेच्या १०० ओळी पाठ, दुसऱ्या वर्षी नव्या २०० आणि तिसऱ्या वर्षी नव्या ३००, सोबत अर्थ आणि संदर्भ माहीत हवेत. म्हणजे कविता मोजायची तर ओळींनी, कापड मोजतात तशी. यातली मजा अशी की इन्स्पेक्टरांमध्ये एक मॅथ्यू आर्नल्ड होता, स्वतः मोठा कवी, १८५१ पासून ३५ वर्षं त्याने शाळा तपासल्या. पास होण्यावर पैसे ही पद्धत त्याला अजिबात पटत नव्हती, पण चांगल्या कविता पाठ करून घेण्याच्या मात्र तो बाजूने होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात हे मला तरी समजू शकतं, पाठ असलेली कविता खरंच आपली होते, वांधा होतो तो तिचे मार्क मोजायला लागलं की.

तिकडे मोठ्या विद्यापीठांना हा विषय वाटायचाच नाही. आपल्याच भाषेतल्या कविता, त्या माणूस घरी निवांत वाचतो, त्यात शिकवायचं काय आणि परीक्षा कसली घ्यायची. ऑक्सफर्डने इंग्रजीची स्वतंत्र पदवी सुरू केली ती पार १८९४ मध्ये. पण भारतात कारभार करायला माणसं निवडायची तेव्हा हेच साहित्य चाललं, १८५५ च्या इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या खुल्या परीक्षेत ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५० मार्क आणि इंग्रजी निबंध, साहित्य, इतिहास मिळून १५००. साहेबाने इंग्रजी साहित्य परीक्षेचा विषय म्हणून स्वतःच्या घरात मानाने बसवायच्या आधी वसाहतीच्या नोकरीसाठी वापरून बघितलं असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

खरा बदल केंब्रिजमध्ये झाला. तिथे १९१७ मध्ये इंग्रजीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आला आणि पुढच्या दशकात आय. ए. रिचर्ड्स या मास्तरने वर्गात एक उद्योग केला. विद्यार्थ्यांना कविता वाटायच्या, कवीचं नाव नाही, काळ नाही, काहीच नाही, आठवडाभर वाचा आणि काय वाटलं ते लिहून आणा. आता ही काही कच्ची मुलं नव्हती, त्यात इंग्रजीच घेतलेली कितीतरी होती. तरी निकाल असा लागला की डन आणि हॉपकिन्सच्या कविता कित्येकांनी नापसंत केल्या आणि आज कुणाला नावही आठवणार नाही असल्या कवींना डोक्यावर घेतलं. कुणाला कविता वाचून स्वतःच्याच आठवणी आल्या आणि तो त्यांच्यातच रमला, कुणी ठरलेल्या भावना ठरलेल्या जागी ठेवून दिल्या, कुणाला साधा सरळ अर्थच लागला नाही. रिचर्ड्सने ही सगळी उत्तरं १९२९ मध्ये 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या पुस्तकात विद्यार्थ्यांची नावं न देता छापली. वाचताना आधी हसू येतं आणि मग आठवतं की आपणही असंच लिहिलेलं.

आजच्या पेपरात 'अनसीन पोएट्री' म्हणून जो प्रश्न असतो, कधी न पाहिलेली कविता समोर ठेवायची आणि तिच्यावर लिहायचं, त्याचं मूळ हे. आता कवीचं नाव छापतात, पण नाव ओळखीचं नसेल तर त्याचा उपयोग शून्य.

शाळेच्या परीक्षांचा मधला इतिहास पटकन सांगतो: १९१८ ला स्कूल सर्टिफिकेट, १९५१ ला ओ लेव्हल, १९६५ ला त्याच्या शेजारी सीएसई, आणि या दोन्हींच्या जागी जीसीएसई, त्याचे पहिले पेपर १९८८ मध्ये. सुरुवातीला कोर्सवर्कवर बराच भर होता, घरी-वर्गात लिहिलेल्या निबंधांवर मार्क. मग परीक्षा मंडळांच्या कवितासंग्रहांचा, म्हणजे अँथॉलॉजीचा जमाना आला आणि कवितेच्या बाबतीत माझ्या मते हाच सगळ्यात रंगतदार काळ. 'वेगवेगळ्या संस्कृतींतल्या कविता' या गटात निसीम इझिकेल यांची विंचवाच्या रात्रीची कविता होती, आईला विंचू चावलाय आणि अख्खं गाव कंदील घेऊन घरात, आणि सुजाता भट्ट यांची कविता, जिच्या मधोमध चक्क गुजराती ओळी आहेत. इंग्रजीच्या पेपरासाठी इंग्लंडमधली पोरं गुजराती लिपीकडे टक लावून बसलीयेत, हे दृश्य मला फार आवडतं.

याच काळात २००८ मध्ये एक्यूए या मंडळाने कॅरोल अ‍ॅन डफी यांची एक कविता संग्रहातून काढली. चाकू घेऊन घराबाहेर पडणाऱ्या पोराच्या तोंडची कविता, तक्रारी आल्या, तेव्हा चाकूहल्ल्यांच्या बातम्या गाजत होत्या. शाळांना जुने संग्रह नष्ट करायला सांगितलं. डफींनी उत्तर म्हणून कविताच लिहिली, शेक्सपिअरच्या नाटकांत कोण कोण चाकू-तलवार चालवतं ते विचारणारी. वर्षभरात, मे २००९ मध्ये, त्याच देशाच्या राजकवी झाल्या.

मग गोव्ह. २०१३ मध्ये शिक्षण खात्याने नवा मसुदा काढला: १७८९ नंतरची कविता, त्यात रोमँटिक कवी, म्हणजे शेलीच्या काळातले, हवेतच, किमान १५ कविता, किमान पाच कवी आणि किमान ३०० ओळी. हो, पुन्हा ३००. मुद्दाम केलं असेल असं नाही, आणि पाठ करा असंही कुठे म्हटलेलं नाही, पण कोर्सवर्क गेलं आणि २०१७ च्या पहिल्या पेपरात पुस्तकही गेलं. आधी संग्रहाची कोरी प्रत परीक्षेत नेता यायची, आता नाही. एक्यूएच्या प्रश्नात एक कविता छापलेली असते आणि तिची तुलना करायची ती दुसरी स्वतःच्या डोक्यातून काढायची. ३० मार्कांतले ६ काळ-संदर्भाचे, म्हणजे इन्स्पेक्टरला हवे असलेले 'अर्थ आणि संदर्भ' पण परत आले. लगेच पुढच्या विभागात अनसीन, ३२ मार्क, तिथे काळ-संदर्भाला एकही मार्क नाही. एकाच पेपरात दोन शतकं शेजारी बसवलीयेत आणि पोरांनी पानागणिक डोकं बदलायचं.

२०२० च्या ऑगस्टमध्ये कोविडमुळे ऑफक्वॉल या परीक्षांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने २०२१ साठी सवलत दिली, शेक्सपिअर सक्तीचा, बाकीच्या तीन भागांतला एक सोडता येईल, आणि त्या तिघांत कविता होती. कवी भडकले, साहजिक आहे. ती परीक्षा शेवटी झालीच नाही, सवलत २०२२ ला वापरली गेली. त्याच वर्षी ओसीआर मंडळाने आपल्या संग्रहातल्या १५ कविता बदलल्या, लार्किन, ओवेन, हीनी यांच्या काही कविता बाहेर, नवे आणि वेगवेगळ्या पार्श्वभूमीचे कवी आत, आणि शिक्षणमंत्र्यांनी त्याला सांस्कृतिक विध्वंस म्हटलं. ओवेन आणि हीनी एक्यूएच्या संग्रहात तेव्हाही होतेच, पण ते कुणी बोललं नाही.

२०२३ पासून सवलत बंद. एक कविता छापलेली, एक डोक्यातली, आणि कार्डावर 'किंग ऑफ किंग्ज'.