रॅप मेटल म्हणजे न्यू मेटल नव्हे

नव्वदच्या दशकातील जड गिटारचे संगीत ऐकणाऱ्या चारचौघांत बसले की कधी ना कधी कोणीतरी रेज अगेन्स्ट द मशीन, कॉर्न, लिंप बिझकिट आणि लिंकिन पार्क ही चार नावे एका दमात घेतो आणि ती एकाच माळेचे मणी असल्यासारखे बोलू लागतो. कोणी या माळेला रॅप मेटल म्हणतो, कोणी न्यू मेटल, आणि बहुतेक जण दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतात. गैरसमज समजण्यासारखा आहे, कारण दोन्हीकडे गिटार कर्कश आहे, गायक चिडलेला आहे आणि हिपहॉपशी, म्हणजे रॅप ज्याचा भाग आहे त्या ठेक्याच्या आणि तबकड्यांच्या संगीताशी, काहीतरी सोयरीक आहे. मात्र हे अल्बम वर्षानुवर्षे ऐकल्यावर माझे मत असे झाले आहे की ‘यात रॅप आहे का’ हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. हिपहॉप या गाण्याच्या जिभेवर आहे की हाडांत, हे विचारले की दोघांतला फरक आपोआप कळू लागतो.

ही सोयरीक जुळली ती १९८६ साली. रन-डीएमसी या रॅप गटाने ‘रेझिंग हेल’ या अल्बमसाठी एरोस्मिथ या रॉक गटाचे ‘वॉक धिस वे’ हे गाणे खुद्द त्या गटातील स्टीव्हन टायलर आणि जो पेरी यांना सोबत घेऊन नव्याने केले. या अल्बमच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या रिक रुबिन यांनी त्याच वर्षी स्लेयर या गटाचा ‘रेन इन ब्लड’ही केला, म्हणजे रॅप आणि थ्रॅश मेटल (मेटलचा अतिवेगवान प्रकार) ही दोन टोके एकाच माणसाच्या हाताखालून जात होती. पुढे १९८८ मध्ये पब्लिक एनिमी या रॅप गटाने स्लेयरच्या एका गाण्यातील रिफ, म्हणजे पुनःपुन्हा वाजणारा गिटारचा छोटा तुकडा, उचलून आपल्या गाण्यात वापरला आणि १९९१ मध्ये त्यांनी अँथ्रॅक्स या मेटल गटासोबत ‘ब्रिंग द नॉइज’ पुन्हा ध्वनिमुद्रित केले. १९९३ च्या ‘जजमेंट नाइट’ या चित्रपटाच्या अल्बममध्ये तर प्रत्येक गाण्यासाठी एक रॅप गट आणि एक रॉक किंवा मेटल गट अशा जोड्याच लावलेल्या होत्या. त्यातल्या काही जोड्या फारच जमल्या आहेत आणि काही घाईत उरकलेल्या लग्नासारख्या वाटतात, पण या सगळ्या प्रयत्नांत एक गोष्ट समान आहे. रॅपर पुढे उभा आहे, गिटार मागे उभी आहे आणि दोघांमधला सांधा स्पष्ट दिसतो.

या सांध्यावर उभे राहिलेले सर्वांत पक्के घर म्हणजे १९९२ चा रेज अगेन्स्ट द मशीनचा पहिला अल्बम. माझ्या लेखी रॅप मेटलमध्ये त्याच्या तोडीचे काही झालेले नाही, खुद्द त्यांच्याकडूनही नाही. १९९६ चा ‘एव्हिल एम्पायर’ मला थोडा कोरडा वाटतो, तर १९९९ चा ‘द बॅटल ऑफ लॉस एंजलिस’ बराच जवळ पोहोचतो. पहिल्या अल्बमची बांधणी मराठी कानाला परकी वाटू नये अशी आहे. शाहीर पोवाडा म्हणतो तेव्हा डफ आणि तुणतुणे त्याला ठेका देतात, त्याच्या शब्दांच्या आड येत नाहीत, आणि नेमक्या ठिकाणी झीलकरी जोर भरतात. झॅक डी ला रोचा कडवे म्हणत असताना टॉम मोरेलोची गिटार आणि टिम कॉमरफोर्डचा बेस नेमके हेच काम करतात. एकच रिफ पुनःपुन्हा फिरत राहतो, ब्रॅड विल्क ड्रमवर जागा मोकळी ठेवून वाजवतो आणि शब्द त्या मोकळ्या जागेत येऊन आदळतात. मुखपृष्ठावर १९६३ साली व्हिएतनाममधील सायगावमध्ये सरकारच्या निषेधार्थ भर रस्त्यात आत्मदहन करणाऱ्या थिच क्वांग डुक या बौद्ध भिक्षूचे माल्कम ब्राउन यांनी टिपलेले छायाचित्र आहे, त्यामुळे अल्बम लावण्याआधीच त्याचा राग कोणावर आहे हे कळते. तो पोलिसांवर आहे, सरकारवर आहे, शाळेत शिकवल्या जाणाऱ्या इतिहासावर आहे.

याच अल्बमच्या पुस्तिकेत एक छोटी नोंद आहे. या ध्वनिमुद्रणात सॅम्पल (दुसऱ्या ध्वनिमुद्रणातून उचललेले तुकडे), कीबोर्ड किंवा सिंथेसायझर यांचा वापर केलेला नाही, असे तीत सांगितले आहे. ही बढाई नसून फरकाची किल्ली आहे, असे मला वाटते. ‘एव्हिल एम्पायर’मधील ‘बुल्स ऑन परेड’ पहिल्यांदा ऐकले तेव्हा मधल्या तुकड्यात कोणीतरी डीजे तबकडी घासतो आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. प्रत्यक्षात तिथे डीजे नाहीच. मोरेलो एका हाताने तारांवर घासत जातो आणि दुसऱ्या हाताने गिटारवरचा पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) बदलण्याचा खटका खालीवर करून आवाज तोडतो व जोडतो, आणि त्यातून तबकडी मागेपुढे ओढल्याचा आभास तयार होतो. हा गट हिपहॉपची यंत्रे घरात आणत नाही, तो हिपहॉपची नक्कल गिटारवर करतो. हाडे रॉकचीच राहतात आणि बोली तेवढी हिपहॉपची होते.

याचा पुरावा या गटानेच पुढे दिला. डी ला रोचा २००० साली बाहेर पडल्यावर उरलेल्या तिघांनी ख्रिस कॉर्नेल या गायकाला घेऊन ऑडिओस्लेव्ह हा गट काढला आणि २००२ मध्ये पहिला अल्बम आणला. गिटारवादक तोच, बेस तोच, ड्रम तोच, आणि रिफ बांधण्याची रीतही बरीचशी तीच. फक्त रॅपच्या जागी गाणे आले आणि तो अल्बम सरळसोट हार्ड रॉक झाला. त्याला रॅप मेटल म्हणणारा मला आजवर भेटलेला नाही. जीभ बदलली की नाव बदलते, कारण हिपहॉप जिभेवरच होते.

आता दुसऱ्या बाजूला १९९४ चा कॉर्नचा पहिला अल्बम ठेवावा. कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड या गावचा हा गट न्यू मेटलचा मूळ पुरुष मानला जातो, आणि या अल्बमवर रॅप म्हणावे असे काही जवळजवळ नाहीच. जोनाथन डेव्हिस गातो, कुजबुजतो, किंचाळतो, अर्थहीन अक्षरांची बरसात करतो आणि एका गाण्याच्या सुरुवातीला तर चक्क बॅगपाइप वाजवतो. तरीही हा अल्बम हिपहॉपशिवाय जन्मलाच नसता. ‘ब्लाइंड’ या पहिल्या गाण्याची सुरुवात हेडफोन लावून ऐकावी. आधी झांजेवर बारीक ठोके पडतात, मग एकेक करून गिटारी येतात, ताण वाढत जातो, डेव्हिस ‘तयार आहात का’ असे ओरडून विचारतो आणि त्यानंतर जे कोसळते त्यात थ्रॅश मेटलची घोडदौड नसते. वेग निम्म्यावर येतो आणि मान आपोआप हिपहॉपच्या ठेक्यावर हलू लागते.

असे का होते, हे वाद्यांकडे पाहिले की समजते. मंकी आणि हेड या टोपणनावांनी ओळखले जाणारे दोन गिटारवादक सात तारांच्या गिटारी नेहमीपेक्षा एक पूर्ण सूर खाली लावतात. त्यांपैकी एक तळाचा जड रिफ धरतो आणि दुसरा वर बेसूर, किरकिरे, भुताटकीचे वाटावे असे स्वर सोडत राहतो. सायप्रस हिलसारख्या रॅप गटांच्या ध्वनिमुद्रणात जुन्या तबकडीवरून उचललेला एखादा कर्कश तुकडा ठेक्यावर घिरट्या घालत असतो, नेमके ते काम ही दुसरी गिटार करते. फील्डीचा बेस सुरापेक्षा टकटक जास्त करतो, म्हणजे तो जवळजवळ तालवाद्यच झालेला आहे. मेटलमध्ये जिची मिजास सर्वांत मोठी असते ती गिटारची एकल करामत तर या अल्बमवर जवळपास नाहीच, आणि ती नसल्याचे जाणवतही नाही. इथे हिपहॉप शब्दांतून आलेले नसून रचनेतून आलेले आहे. १९९८ च्या ‘फ्रीक ऑन अ लीश’मध्ये डेव्हिस मध्येच तोंडाने जे बडबडतो, त्याला रॅप म्हणणे मला पटत नाही. मला तर ते एखाद्या तबलजीची पढंत पिसाटल्यासारखे वाटते.

रागाची दिशा हा दुसरा फरक अनेक जण सांगतात. रॅप मेटल बाहेरच्या व्यवस्थेवर चिडते आणि न्यू मेटल आतल्या जखमेवर, असे ते म्हणतात. स्थूलमानाने हे खरे आहे. कॉर्नच्या पहिल्या अल्बमचे शेवटचे गाणे डेव्हिसच्या बालपणातील अत्याचाराविषयी आहे, ते गाताना तो खरोखर कोसळला आणि ते रडणे ध्वनिमुद्रणात तसेच ठेवले गेले. मी ते गाणे दोनदा ऐकले आहे, तिसऱ्यांदा ऐकण्याची इच्छा नाही, आणि तरीही ते अल्बमवर असायला हवे होते असेच म्हणेन. मात्र ही कसोटी फार ताणता येत नाही. सिस्टम ऑफ अ डाउनचा २००१ चा ‘टॉक्सिसिटी’ सर्रास न्यू मेटलच्या कप्प्यात टाकला जातो, आणि त्यातले पहिलेच गाणे अमेरिकेतील तुरुंगांविषयी आहे.

कॉर्नचा तिसरा अल्बम ‘फॉलो द लीडर’ मित्राकडून आणलेल्या सीडीवर मी पहिल्यांदा लावला तेव्हा प्लेअरवरचे आकडे पुढे सरकत होते आणि आवाज काही येत नव्हता. सीडी खराब समजून मी ती दोनदा सदऱ्याला पुसली. नंतर कळले की पहिल्या १२ जागा प्रत्येकी पाच सेकंदांच्या शांततेसाठी ठेवलेल्या आहेत आणि गाणी १३ पासून सुरू होतात. कर्करोगाने गेलेल्या एका मुलाच्या स्मरणार्थ ते एक मिनिटाचे मौन होते. या अल्बमवर आइस क्यूबसारखे खरे रॅपर पाहुणे म्हणून आले आहेत आणि माझ्या मते नेमकी तीच गाणी सर्वांत दुबळी आहेत. हाडांत असलेले हिपहॉप पुन्हा ओठांवर आणून दाखवण्याची गरज नव्हती.

गोंधळाचे खरे मूळ मात्र लिंप बिझकिट आहे, कारण या गटात दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. फ्रेड डर्स्ट रॅप करतो, डीजे लीथल खरोखरची तबकडी फिरवतो आणि १९९९ च्या ‘सिग्निफिकंट अदर’वर मेथड मॅन या रॅपरसोबतचे एक गाणे डीजे प्रीमियरने घडवलेले आहे. ते गाणे उत्तम आहे आणि त्यात मेटल औषधालाही नाही. वेस बोरलंडची गिटार मला अजूनही कल्पक वाटते, डर्स्टचे शब्द मात्र पंचविशी उलटल्यावर ऐकवत नाहीत. या गटाशी आपले नाते जोडले जाते, याचा सर्वांत जास्त संताप रेजच्या मंडळींनाच होता. २००० च्या एमटीव्ही पुरस्कार सोहळ्यात सर्वोत्कृष्ट रॉक व्हिडिओचा पुरस्कार लिंप बिझकिटला मिळाला तेव्हा कॉमरफोर्ड मंचावरच्या उंच सजावटीवर चढून बसला आणि उतरायला तयार होईना. पुढे एका मुलाखतीत त्याने आपल्यामुळे असा गट जन्माला आला म्हणून जाहीर माफीही मागितली. मला ती जरा आगाऊ वाटते, कारण लिंप बिझकिटच्या सुरुवातीच्या घडणीत कॉर्नचा हात रेजपेक्षा कितीतरी ठळक आहे. दोघांच्याही पहिल्या अल्बमचा निर्माता रॉस रॉबिन्सन हाच होता.

लिंकिन पार्कचा २००० चा ‘हायब्रिड थिअरी’ या दृष्टीने ऐकला की वेगळाच लागतो. कडवे माइक शिनोडा रॅपमध्ये म्हणतो आणि धृपद चेस्टर बेनिंग्टन गातो, म्हणून वरवर पाहणारा याला रॅप मेटल म्हणेल. पण ‘इन दी एंड’ घ्या. सुरुवात पियानोच्या चार-दोन स्वरांनी होते, त्यावर यंत्राचा ठेका चढतो आणि गिटार खऱ्या अर्थाने दार उघडते ती धृपदाला. गिटार काढून टाकली तरी गाणे उभे राहते. गटाने हे स्वतःच करून दाखवले, २००२ च्या ‘रीॲनिमेशन’मध्ये हीच गाणी हिपहॉपच्या अंगाने मोडून बांधली आणि २००४ मध्ये जे-झी या रॅपरसोबत दोघांची गाणी एकमेकांत बेमालूम मिसळली. रेजच्या पहिल्या अल्बमवर असा प्रयोग केला तर हाती फक्त घोषणा उरतील, मोरेलोचे रिफ नसतील. ‘हायब्रिड थिअरी’ला पोरकट म्हणून हिणवण्याची फॅशन बरीच वर्षे चालली, त्या काळात मीही गप्प राहिलो होतो. आज तो मला जेमतेम ३७-३८ मिनिटांचा, एकही ओळ वाया न घालवणारा अल्बम वाटतो. २००३ चा ‘मिटिओरा’ त्याचीच नीटनेटकी नक्कल आहे.

या सगळ्यांत मला सर्वाधिक प्रिय आहे तो डेफ्टोन्सचा ‘व्हाइट पोनी’, जून २००० चा. तो न्यू मेटलच्या दारातून बाहेर पडताना केलेला अल्बम आहे. हिपहॉप त्यात इतके खोल मुरले आहे की ते शोधावे लागते. शेवटचे ‘पिंक मॅगिट’ हे गाणे सात मिनिटांहून लांब, संथ आणि धुकट आहे. बाजारात चालेल असे काहीतरी हवे म्हणून कंपनीने आग्रह धरला आणि त्याच गाण्याचा सांगाडा घेऊन गायक चिनो मोरेनोने त्यावर रॅप चढवला. ‘बॅक टू स्कूल’ या नावाचे ते गाणे काही महिन्यांनी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत पुढे बसवण्यात आले. न्यू मेटल म्हणजे वरून लावलेला रॅप, अशी विकणाऱ्यांची समजूत त्यात उघडी पडते आणि मोरेनोने पुढे त्याबद्दल खंतही व्यक्त केली. माझ्याकडची प्रत दुसऱ्या आवृत्तीची आहे, त्यामुळे ती लावताना मी नेहमी पहिले गाणे सोडून दुसऱ्यापासून सुरुवात करतो.