वस्तरा सुटा करणे
वस्तरा सुटा करणे : घडीच्या जुन्या वस्तऱ्याचे पाते, मूठ आणि पाचर एकमेकांपासून वेगळी करण्याचे काम. आतला गंज काढण्यासाठी किंवा तडकलेली मूठ सांधण्यासाठी ते करावे लागते. इंग्लंडमधील शेफील्ड, जर्मनीतील झोलिंगेन आणि फ्रान्समधील तिएर ही वस्तऱ्यांची नावाजलेली केंद्रे. तिथल्या वस्तऱ्यांची जुळणी बरीचशी सारखी असल्याने पद्धतही एकच चालते. कामिसोरी या जपानी वस्तऱ्याला घडीची मूठच नसते, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या. एका टोकाला त्यांच्यामध्ये पाते खिळीभोवती फिरते, दुसऱ्या टोकाला छोटी पाचर दुसऱ्या खिळीने धरलेली असते. काही मुठींना मधोमध तिसरी खिळीही असते. खिळी साधारण १.६ मिमी जाडीच्या पितळी, जर्मन सिल्व्हरच्या किंवा लोखंडी तारेची. तिची दोन्ही टोके बहुधा वॉशरवर ठोकून पसरवलेली असतात. स्क्रू नसल्यामुळे खिळीचा बळी दिल्याशिवाय वस्तरा उघडत नाही. पाते नुसते सैल हलत असेल, तर खिळीचे डोके लहान ऐरणीवर टेकवून हलके ठोके दिले की ती आवळली जाते. तेवढ्यासाठी वस्तरा उघडणे चूकच. पात्यावर दिसणारा वरवरचा गंजही मूठ न काढता घासता येतो. मात्र साबणाचे पाणी पट्ट्यांच्या आत साचून शेपटाभोवती, म्हणजे पात्याच्या खिळीकडच्या बिनधारेच्या भागाभोवती, गंज धरला असेल, किंवा लोखंडी खिळी गंजून फुगल्याने शिंगाची पट्टी चिरत असेल, तर उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

आधी मूठ कशाची आहे ते ओळखावे. शेफील्डचे कारागीर हिंदुस्थानातून आलेले म्हशीचे शिंग वापरत. हस्तिदंत आणि हाडाच्या मुठीही पुष्कळ. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात सेल्युलॉइड आले आणि हस्तिदंत, कासवाची पाठ यांची हुबेहूब नक्कल होऊ लागली. हे सेल्युलॉइड जुने झाले की त्याचे विघटन होते, आम्लधर्मी वायू बाहेर पडतात आणि मुठीत मिटलेले पाते गंजत जाते. अशी मूठ कितीही देखणी असली तरी पात्यावर ठेवू नये, दुसऱ्या वस्तऱ्यांच्या पेटीतही नाही. ती भडकन पेटते, म्हणून ड्रिलची उष्णता आणि ठिणगी तिच्यापासून लांबच हवी.

शेपटाजवळचा ठसा घासण्यापूर्वी टिपून ठेवावा. मुकुटासह ‘व्ही आर’ ही अक्षरे असतील, तर वस्तरा राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, म्हणजे १८३७ ते १९०१ मधला मानतात. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानंतर तिकडे जाणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव आवश्यक झाले. ‘इंग्लंड’ हा शब्द कोरलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा.

प्रत्यक्ष कामात पहिली गोष्ट म्हणजे धारेवर जाड चिकटपट्टी गुंडाळणे. मग एका बाजूच्या डोक्याच्या नेमक्या मध्यावर पंचने खूण करतात आणि दीड-दोन मिमीच्या ड्रिलने फक्त पसरलेले डोके संपेपर्यंत कोरतात. ड्रिल घसरले तर मऊ शिंगात खड्डा पडतो, म्हणून हातड्रिल किंवा मंद गती बरी. दुसरा मार्ग कानशीचा : भोक पाडलेला पातळ पत्रा डोक्याभोवती ठेवून डोके झिजवायचे. यात पट्टी सुरक्षित राहते, पण वॉशर झिजण्याची भीती असते. नक्षीदार वॉशर सहज मिळत नाहीत, तिथे ड्रिलच योग्य. डोके गेले की लाकडाच्या भोक पाडलेल्या ठोकळ्यावर मूठ आडवी ठेवून, खिळीपेक्षा किंचित बारीक पंचने ती खाली ढकलतात. खिळी हलली नाही तर जोर करू नये. डोक्याचा काठ कुठेतरी शिल्लक असतो. तेलाचे दोन थेंब टाकून पुन्हा कोरावे. बहुतेक वेळा पात्याकडची एकच खिळी काढून भागते : पट्ट्या अलगद फाकवल्या की पाते निघते आणि पाचरेकडचा मूळ जोड शाबूत राहतो. तो वाचवता आला तर जरूर वाचवावा.

पाचर काढलीच, तर ती शिशाची नाही ना हे पाहावे. जुन्या शिशावर पांढरी भुकटी येते; ती कोरडी घासून उडवू नये. गंज सोडवायला पाते तापवणेही टाळावे, कारण सुमारे २०० अंश सेल्सिअसला पोलाद पिवळसर होऊ लागते आणि त्यापुढे त्याचा कडकपणा उतरत जातो.

महाराष्ट्रात नाभिकांच्या धोकटीतले असे वस्तरे, सलूनमध्ये बदलत्या पात्याचा वस्तरा रूढ झाल्यावर, मागे पडले. त्यांची मूठ मूळची नसून नंतर बसवलेली निघाली, तरी ती फेकू नये. वापरणाऱ्या हातांची तीच खरी खूण आहे.

पुन्हा जुळवताना आधी बारीक नट-बोल्ट लावून पाते मुठीच्या बरोबर मध्ये मिटते का ते पाहतात. मगच नवी खिळी वॉशरच्या वर जेमतेम एक मिमी राहील अशी कापून, दोन्ही बाजू आलटून पालटून, हलक्या ठोक्यांनी बसवतात.