'सिग्निफिकंट डिफरन्स' म्हणजे मोठा फरक नव्हे

इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्यांनो, हा घोळ एकदाचा मिटवू या. 'सिग्निफिकंट' म्हणजे लक्षणीय, हा रोजचा अर्थ तुम्हाला ठाऊकच आहे. पण 'स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट डिफरन्स' फरकाच्या आकाराबद्दल चकार शब्द काढत नाही. मुळात फरक नसताच, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ठरवलेल्या मर्यादेच्या, बहुधा ५ टक्क्यांच्या, खाली आहे, इतकंच तो सांगतो. या शक्यतेलाच पी-व्हॅल्यू म्हणतात.

समजा, दोन औषधं, सिस्टोलिक (वरच्या) बीपीचं प्रमाण विचलन, म्हणजे रुग्णारुग्णांतल्या चढउताराचं माप, १५ मिलिमीटर. प्रत्येक गटात १०,००० रुग्ण आणि सरासरीत फरक १ मिलिमीटरचा. पी-व्हॅल्यू ०.०००१ च्याही खाली जाते. लेखक लगेच 'हायली सिग्निफिकंट' लिहून मोकळा! समोरच्या रुग्णाला त्या एका मिलिमीटरचं काय सोयरसुतक?

आता गटात २०च रुग्ण घ्या, फरक ८ मिलिमीटर. पी-व्हॅल्यू ०.१० च्या आसपास. इथे 'इनसिग्निफिकंट डिफरन्स' लिहिणाऱ्यांचा मला खरा राग येतो. आठ मिलिमीटर क्षुल्लक कधीपासून झाले? ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खऱ्या फरकाचा अंदाजी पट्टा, उणे १.६ ते १७.६ येतो. म्हणजे फरक शून्य असू शकतो, तसाच सतराही. पुरावा अपुरा आहे, फरक नाही असं सिद्ध झालेलं नाही. 'नॉट स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट' लिहा आणि शेजारी हा इंटरव्हल द्या. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननेही २०१६ च्या निवेदनात बजावलंय, की पी-व्हॅल्यू परिणामाचा आकार किंवा महत्त्व मोजत नाही.

५ टक्क्यांची रेषाही काही दगडावरची नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये ती सोयीची म्हणून सुचवली. पण म्हणून ०.०५२ ला 'नियरली सिग्निफिकंट' म्हणू नका. आकडा द्या आणि गप्प बसा. फरक मोठा आहे असंच म्हणायचंय? मग 'लार्ज' लिहा, आणि किती मोठा तेही. संख्याशास्त्राच्या पेपरात नुसतं 'सिग्निफिकंट' मी तरी खोडतोच.

बाकी किरकोळ. 'सिग्निफिकन्स डिफरन्स' हे सरळ चूक. 'स्टॅटिस्टिकली'नंतर हायफन नको. आणि सॉफ्टवेअरने ०.००० छापलं म्हणून 'पी = ०.०००' उतरवू नका. तो राउंडिंगचा प्रताप आहे, 'पी < ०.००१' लिहा.