जुन्या मशीनचा प्रोसेसर बदलण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सांगली मार्केट यार्डातील हळदीच्या आणि बेदाण्याच्या ज्या पेढ्यांचे जुने हिशेबाचे मशीन आम्ही नव्या कॉम्प्युटरवर क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा जुना कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) बसवून दिले आहे, त्यांच्याकडून एक प्रश्न वारंवार येतो : कॉम्प्युटर नवा घेतला असताना आतल्या मशीनमध्ये प्रोसेसर 'पेंटियम' का दिसतो? काही ग्राहक आम्हाला न विचारताच सेटिंगच्या फाइलमध्ये 'पेंटियम' खोडून 'होस्ट' लिहितात, म्हणजे कॉम्प्युटरचा खरा प्रोसेसर आतल्या मशीनला जसाच्या तसा दाखवतात. तसे करण्यापूर्वी हे पत्रक वाचावे, ही विनंती.

पेंटियम निवडल्याने मशीन १९९३ सालच्या वेगाने चालते, हा समज चुकीचा आहे. या निवडीने वेग ठरत नाही. आतल्या विंडोजला कोणता प्रोसेसर आणि त्याच्या कोणत्या सोयी दाखवायच्या, एवढेच ठरते. आपल्या जुन्या प्रोग्रॅमला नव्या सोयींची माहितीच नसल्यामुळे त्या दाखवून मालाच्या हिशेबाची पट्टी लवकर छापली जाणार नाही. उलट नुकसान मात्र होऊ शकते. १९९६ साली आलेली विंडोज एनटी ४.० सुरू होताना 'सीपीयूआयडी' या आज्ञेद्वारे प्रोसेसरची चौकशी करते. नवे प्रोसेसर त्या चौकशीला तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा आकडा उत्तर म्हणून देतात आणि तिची मूळ आवृत्ती निळ्या पडद्यावर थांबते. याच अडचणीसाठी पुढे अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) हा आकडा मर्यादित ठेवण्याची स्वतंत्र सोय दिलेली असे. आम्ही पेंटियम ठेवतो तो जुना माल खपवण्यासाठी नव्हे, याच कारणासाठी.

आता सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक. ग्राहक सेटिंग बदलतात, आतल्या विंडोजमध्ये 'रीस्टार्ट' करतात, सर्व काही सुरळीत चालते आणि बदल निर्धोक असल्याची त्यांची खात्री पटते. प्रत्यक्षात तो बदल लागूच झालेला नसतो. क्यूईएमयू सुरू होताना प्रोसेसर एकदा ठरतो. आतले रीस्टार्ट त्याच चालू क्यूईएमयूमध्ये होते, त्यामुळे मशीन पुन्हा पेंटियमवरच उठते. पुढे दहा-पंधरा दिवसांनी वीज जाते, कॉम्प्युटर खरोखर बंद पडतो, आणि ऐन हळदीच्या हंगामात, सौद्याच्या सकाळी, निळा पडदा येतो. तोवर सेटिंग बदलल्याचे कोणाच्या लक्षात राहिलेले नसते. आम्ही डिस्क तपासतो, रॅम तपासतो, डेटाच्या प्रती पडताळतो आणि अर्धा दिवस गेल्यावर त्या एका ओळीपाशी पोहोचतो.

म्हणून प्रोसेसर तपासताना फाइलवर विसंबू नये. आतले विंडोज रीतसर 'शट डाउन' करावे, एम्युलेटरची खिडकी पूर्ण बंद झाल्याची खात्री करावी, मशीन नव्याने सुरू करावे आणि मग आत 'माय कॉम्प्युटर'च्या 'प्रॉपर्टीज'मध्ये पाहावे. एनटीवर तेथे 'फॅमिली ५' असे दिसले तर पेंटियम लागू आहे. इंटेल कोअर प्रोसेसर थेट दाखवला जात असेल तर 'फॅमिली ६' दिसते. मशीन आहे त्या स्थितीत 'सेव्ह' करून ठेवले असेल, तर प्रोसेसर बदलून ती स्थिती पुन्हा उघडण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

ज्यांच्याकडे आम्ही नव्या लिनक्सचे सर्व्हर याच पद्धतीने चालवतो, त्यांच्या सेटिंगमध्ये 'एन्फोर्स' हा शब्द आढळेल. मशीनची प्रत दुसऱ्या, जुन्या कॉम्प्युटरवर नेली आणि तेथील प्रोसेसरमध्ये आवश्यक सोय नसली, तर या शब्दामुळे मशीन सुरूच होत नाही. याबद्दल आमच्याकडे तक्रारी येतात. तरीही तो शब्द आम्ही मुद्दाम ठेवतो, कारण तो नसेल तर क्यूईएमयू केवळ एक इशारा छापून पुढे जाते आणि सोय अपुरी असलेले मशीन महिन्याच्या मध्यावर अडण्याची शक्यता राहते.

वार्षिक देखभाल करार असलेल्या ग्राहकांच्या मशीनची पूर्ण प्रत आम्ही प्रत्येक बदलाआधी काढतो आणि बदलानंतर पूर्ण बंद-चालू करून आतून तपासतो; नवा कॉम्प्युटर घेण्यापूर्वी त्याचा प्रोसेसर चालेल की नाही, हेही त्याच करारात पाहून देतो. करार नसलेल्या ग्राहकांनी फोन करताना कृपया दोन गोष्टी हाताशी ठेवाव्यात : पडद्यावरील संदेशाचा फोटो आणि सेटिंगच्या फाइलला शेवटचा हात कोणी व केव्हा लावला, ती तारीख.