समाजमाध्यमांवरील व्यवसायाचे व्यक्तिमत्त्व

एखादा व्यवसाय समाजमाध्यमांवर कोणत्या सुरात बोलतो, कशावर हसतो, कुठे गप्प बसतो आणि तक्रार आल्यावर कसा वागतो, यावरून लोकांच्या मनात त्याची जी माणसासारखी ओळख तयार होते, तिला त्या व्यवसायाचे व्यक्तिमत्त्व म्हणतात. विपणन क्षेत्रात यातल्या बोलण्याच्या भागाला ‘ब्रँड व्हॉइस’ असा शब्द रूढ आहे. लोगो आणि रंगसंगती हा झाला पोशाख. माणूस कळतो तो तोंड उघडल्यावर.

कल्पना समाजमाध्यमांहून जुनी आहे. अमेरिकी अभ्यासक जेनिफर आकर यांनी १९९७ साली ब्रँडच्या व्यक्तिमत्त्वाचे पाच पैलू मांडले : प्रांजळपणा, उत्साह, कार्यक्षमता, नजाकत आणि रांगडेपणा. त्या काळी जाहिरात एकतर्फी होती, त्यामुळे ठरवलेला चेहरा टिकवणे सोपे होते. नोव्हेंबर २००७ मध्ये फेसबुकने व्यवसायांसाठी पेजेस सुरू केली, आणि जाहिरातीच्या खालीच लोक उलट बोलू लागले. खरी कसोटी तिथून सुरू झाली.

ही कसोटी बहुतेक वेळा अगदी साध्या प्रसंगी लागते. ग्राहक विचारतो, ‘चार दिवस झाले, पार्सल कुठे आहे?’ एक उत्तर असे : ‘प्रिय ग्राहक, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ दुसरे असे : ‘पार्सल गोदामातच राहिलं, चूक आमची. आज निघतंय, निघालं की इथेच कळवते.’ दुसऱ्यात ना विनोद, ना इमोजी, तरी पलीकडे माणूस आहे हे कळते. अर्थात संध्याकाळपर्यंत पार्सल निघाले नाही, तर हे उत्तर पहिल्यापेक्षा जास्त महागात पडते.

अस्सलपणा चूक झाल्यावर सर्वांत स्पष्ट दिसतो. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसच्या ट्विटर खात्यावरून एका कर्मचाऱ्याने नजरचुकीने स्वतःच्या बिअर पिण्याच्या बेताबद्दल लिहिले. संस्थेने ते ट्विट काढले. पण त्यावर पडदा टाकण्याऐवजी, रेड क्रॉस पूर्ण शुद्धीत आहे आणि गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या आहेत, अशा आशयाचा खुलासा केला. ज्या बिअरचा उल्लेख झाला होता, तिच्या उत्पादकाने उलट आपल्या चाहत्यांना रेड क्रॉसला देणगी देण्याचे आवाहन केले. इथे विनोद शोभला, कारण तो स्वतःवर होता आणि कोणाचे काही बिघडले नव्हते.

याउलट, सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत कौटुंबिक हिंसाचार सोसलेल्या स्त्रिया एका हॅशटॅगखाली आपण त्या घरात का राहिलो ते सांगत होत्या. डिजॉर्नो या गोठवलेल्या पिझ्झाच्या ब्रँडने तो हॅशटॅग काय आहे हे न वाचताच त्यावर पिझ्झाचा विनोद केला. संताप उसळताच ट्विट काढले गेले. त्यानंतर मात्र खाते सांभाळणाऱ्याने नाराज लोकांना एकेक करून उत्तरे देत माफी मागितली.

२०१७ च्या सुमारास वेंडीज या बर्गर साखळीचे तिरकस टोमणे गाजले आणि पाठोपाठ अनेक ब्रँड तसेच खवचट बोलू लागले. उसना स्वभाव फार टिकत नाही. ज्यांच्याकडून लोक पैशांची किंवा औषधांची काळजी घेण्याची अपेक्षा करतात, त्यांच्या तोंडी तर तो विचित्रच वाटतो. बँकेने मीम टाकू नये असा नियम नाही. पण अडकलेल्या रकमेबद्दलचा प्रश्न त्याच मीमखाली दोन दिवस अनुत्तरित राहिला, तर लोकांच्या लक्षात तो प्रश्नच राहतो.

व्यवहारात हे व्यक्तिमत्त्व बहुधा एकदोन माणसांच्या हातात असते. म्हणून काही व्यवसाय कोणते शब्द वापरायचे, कोणते टाळायचे, चेष्टा कुठे थांबवायची आणि तक्रार कोणाकडे द्यायची हे लिहून ठेवतात, तर काही ठिकाणी उत्तर देणारा शेवटी आपली आद्याक्षरे टाकतो. तरीही ती माणसे नोकरी सोडून गेली की आठवड्याभरात कमेंट येते : ‘ॲडमिन बदलला का?’