जुन्या व नव्या जलवाहिन्यांचा जोड

जुन्या घरातील सगळे नळकाम एकाच वेळी बदलणे क्वचितच जमते. गळका किंवा गंजलेला भाग काढून टाकल्यावर शाबूत राहिलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी), तांब्याच्या किंवा शिशाच्या वाहिनीला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारे कडक प्लास्टिक), पेक्स (लवचीक प्लास्टिक) किंवा तांब्याचा नवा पाइप जोडावा लागतो.

पहिली अडचण मापांची असते. ‘अर्धा इंची’ हे केवळ नाव असून त्या नावाच्या जीआय पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे २१.३ मिमी, तर तांब्याच्या नळीच्या मापाने बनवलेल्या सीपीव्हीसीचा १५.९ मिमी भरतो. त्यामुळे जोड बहुधा आट्यांच्या अडॅप्टरनेच करतात. येथे फसगत सोपी आहे: अर्धा व पाऊण इंची मापांत बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन) या आट्यांच्या दोन्ही पद्धतींत इंचाला १४ आटे असतात, पण त्यांचे कोन अनुक्रमे ५५ व ६० अंश असल्याने एकाचा भाग दुसऱ्यात काही फेरे बसतो आणि मग पाझरतो.

दोन धातू एकमेकांना भिडले की पाणी त्यांच्यामधील विद्युत्‌रासायनिक क्रियेचे माध्यम बनते. तांबे लोखंडाला थेट जोडल्यास झिजते ते लोखंड, आणि जस्ताचा मुलामा त्याच्याही आधी. म्हणून दोहोंमध्ये विद्युतरोधक युनियन (दोन पाइप सांधणारा, पुन्हा उघडता येणारा जोड) किंवा निदान पितळी तुकडा घालतात. प्रवाहाची दिशाही पाहावी लागते. तांब्याच्या नळातून आलेल्या पाण्यात विरघळलेले तांबे पुढच्या जीआय पाइपच्या आतल्या बाजूवर साचून तेथे खड्डे पाडते आणि हे नुकसान युनियनने टळत नाही, त्यामुळे जीआय आधी व तांबे नंतर हाच क्रम योग्य ठरतो. शिशाच्या वाहिनीचा थोडाच भाग काढून तांबे जोडल्यास उरलेल्या शिशाचे झिजणे वाढून ते पाण्यात अधिक उतरू शकते. पिण्याच्या पाण्याची अशी वाहिनी अर्धवट बदलण्यापेक्षा पूर्ण काढणेच श्रेयस्कर.

जुन्या पाइपची भिंत आट्यांपाशी सर्वांत पातळ असते. एकाच पान्ह्याने जोर लावल्यास हाती घेतलेला सांधा सुटण्याऐवजी भिंतीतला मागचा सांधा तुटतो, म्हणून एका पान्ह्याने पाइप धरून दुसऱ्याने फिटिंग फिरवतात. गंज खोल असेल तर निकोप धातू लागेपर्यंत पाइप कापून डायने नवे आटे पाडतात. पाइप तेही सोसण्याजोगा नसेल, तर रबरी गॅस्केटचे कॉम्प्रेशन कपलिंग वापरतात. लोखंडी आटे प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये आवळल्यास ते चिरते, त्यामुळे पितळी आट्यांचा अडॅप्टर घ्यावा. सीपीव्हीसीच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप चालते. तेलयुक्त पेस्टने मात्र त्याला तडे जाऊ शकतात. तापमानाने सीपीव्हीसी पोलादाच्या सुमारे पाचपट प्रसरण पावते, म्हणून गरम पाण्याच्या वाहिनीत जोडाजवळ त्याला हलायला थोडी मोकळीक ठेवतात.

सांडपाण्याच्या बिडाच्या नळांत दाब नसल्याने काम सोपे असते: कापलेल्या टोकावर स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांची रबरी बाही चढवली की पुरते.

जोड बुजवण्यापूर्वी दाब देऊन तपासतात आणि तोटीच्या जाळ्या काढून पाणी वाहू देतात, कारण कामात सुटलेला गंज पुढे जाऊन त्यांत अडकतो. सहसा विसरली जाणारी बाब विजेची आहे. काही जुन्या घरांत धातूचे नळच अर्थिंगसाठी वापरलेले असतात; मध्ये प्लास्टिकचा तुकडा आला की ती जोडणी तुटते, त्यामुळे असा तुकडा बसवण्याआधी वीजतंत्रज्ञाकडून स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे लागते.